मुलगा किती ‘पुरुष’ झाला, हे मोजता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गेल्या महिन्यात समाजकार्याचं शिक्षण घेणारे काही विद्यार्थी त्याच्या शाळेत आले आणि वर्गातल्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. ‘पुरुषाने रडू नये’, ‘घरात शेवटचा शब्द पुरुषाचाच असावा’, ‘कोणी डिवचलं तर हात उचलायलाच हवा’ अशी वीस-बावीस विधानं होती. प्रत्येकापुढे पूर्ण सहमत, थोडा सहमत, असहमत असे रकाने. घरी आल्यावर त्याने विचारलं, “आई, यात मला किती मार्क पडले असतील?” मला काही सांगता आलं नाही. पुरुषपण असं खरंच मोजता येतं का? ते मोजायला कोणी आणि कशासाठी सुरुवात केली? अमेरिकेतल्या किंवा ब्राझीलमधल्या मुलांना लावलेली पट्टी आमच्या मुलांना चालते का? आणि मुलं अशा कागदावर खरं लिहितात का?
— एक पालक, वाई

उत्तर : तुमच्या मुलाचा प्रश्न फार नेमका आहे. त्याला आजच सांगा, की त्या कागदावर पास-नापास नसतं. उत्तरांना आकडे देऊन त्यांची बेरीज करतात, हे खरं. पण ती बेरीज शेकडो मुलांची मिळून वाचायची असते, एकट्या मुलाच्या बेरजेवरून त्याच्याबद्दल काही ठरवायचं नसतं. शिवाय तो किती पुरुष आहे, हे ती बेरीज सांगतच नाही. ‘पुरुष म्हटला की असाच हवा’ असे जे नियम भोवतीच्या माणसांनी करून ठेवलेत, ते मुलांना कितपत पटलेत, एवढंच तिच्यातून कळतं.

‘पुरुषपण’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो : शरीर, स्वभाव आणि नियम. मोजणाऱ्यांचाही इथेच गोंधळ होत आला, म्हणून याच क्रमाने पाहू.

शरीर

आवाज फुटणं, मिसरूड येणं, उंची झपाट्याने वाढणं हे डॉक्टर मोजू शकतात आणि नेमकेपणाने मोजतात. वयात येण्याचे पाच टप्पे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी ठरवून दिले. स्वित्झर्लंडचे डॉक्टर आंद्रेआ प्रॅडर यांनी १९६६ मध्ये १२ मण्यांची एक माळ वापरात आणली. त्यातला सर्वांत लहान मणी १ मिलिलिटरचा, सर्वांत मोठा २५ मिलिलिटरचा. मुलाच्या वृषणाचा आकार मण्याशी ताडून पाहायचा. ४ मिलिलिटरचा मणी जुळला, की मुलगा वयात येऊ लागला असं समजायचं. ही माळ झुरिचमध्ये वापरा किंवा साताऱ्यात, मिलिलिटर तोच राहतो. मात्र मुलगा बहिणीशी कसा वागेल, भीती वाटली तर कोणाजवळ बोलेल, हे त्या माळेतून कळत नाही.

स्वभाव

१९३६ मध्ये लुइस टर्मन आणि कॅथरिन कॉक्स माइल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पुरुषी आणि बायकी स्वभाव मोजणारी सुमारे साडेचारशे प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. टर्मन हे बुद्ध्यंकाच्या चाचणीमुळे आधीच नावाजलेले होते. बुद्धी मोजता येते, तर पुरुषपण का नाही, असा त्या काळाचा विश्वास होता. चाचणी कशाची आहे हे सोडवणाऱ्याला कळू नये, म्हणून तिला आवडीनिवडी आणि वृत्ती यांची तपासणी असं साधंसं नाव दिलं होतं. पुरुषी मानलेल्या उत्तराला अधिक गुण, बायकी मानलेल्या उत्तराला उणे गुण.

या मोजणीत एक मोठी चूक होती. पुरुषपण आणि स्त्रीपण ही एकाच दोरीची दोन टोकं मानली होती. म्हणजे मुलगा जितका मायाळू, तितका पुरुष म्हणून कमी. १९७३ मध्ये अ‍ॅन कॉन्स्टँटिनोपल यांनी या गृहीतकालाच आव्हान दिलं. पुढच्याच वर्षी सँड्रा बेम यांनी ६० गुणांची यादी केली : २० पुरुषी समजले जाणारे, २० बायकी समजले जाणारे आणि २० दोन्हींत न बसणारे. प्रत्येक गुण आपल्याला किती लागू पडतो, हे १ ते ७ या आकड्यांत सांगायचं. दोन्ही बेरजा वेगळ्या ठेवल्यामुळे एकच माणूस खंबीर आणि हळवा, दोन्ही असू शकतो, हे आकड्यांत दिसलं.

पण कोणता गुण पुरुषी आणि कोणता बायकी, हे ठरवलं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, तेही त्या वेळच्या अमेरिकी समाजात पुरुषाला काय शोभतं आणि बाईला काय शोभतं यावरून. कोणतीही यादी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी वर्षी केलेली असते. तिचं गाव आणि वर्ष विसरलं, की तिचे आकडे दिशाभूल करू लागतात.

नियम

तुमच्या मुलाने भरलेला कागद या तिसऱ्या घराण्यातला आहे. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रॅनन यांनी अमेरिकी पुरुषांवरचे नियम चार गटांत मांडले : बायकी काही करायचं नाही, मोठं होऊन दाखवायचं, खांबासारखं ताठ उभं राहायचं, आणि वेळ आली की तुटून पडायचं. नियमांकडे पाहू लागल्यावर प्रश्नच बदलला. मुलगा कसा आहे, हे विचारायचं थांबलं आणि त्याच्यावर काय लादलंय, हे विचारायला सुरुवात झाली.

जोसेफ प्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट किशोरांना विचारला. १९८८ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या १,८८० मुलांची देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात आठ विधानं होती. १९९३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जुने नियम ज्यांना अधिक पटत होते, त्या मुलांमध्ये शाळेतून निलंबित होणं, दारू-नशा आणि असुरक्षित लैंगिक वर्तन यांचं प्रमाण जास्त होतं. ‘कशासाठी मोजायचं?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कच खाल्ली असं दिसू नये म्हणून पोरं गाडी भरधाव हाकतात, दुखणं लपवतात, मारामारीत उतरतात. यात कोणता नियम किती घात करतो हे कळलं, तर तिथे काम करता येतं.

२००५ मध्ये जूडी चू, मिशेल पोर्शे आणि डेबोरा टोलमन यांनी १२ विधानांची एक पट्टी खास किशोरांसाठी केली. आधी मुलांशी मनमोकळ्या गप्पा मारल्या. मित्रांत, मुलींसमोर, घरी आपण कसं असावं असं त्यांना वाटतं, ते ऐकलं आणि त्यावरून विधानं लिहिली. मोठ्यांसाठी केलेली विधानं बारक्या मुलांच्या हाती देण्याची सवय इथे मोडली.

एकच पट्टी सगळीकडे चालते का?

पूर्वी प्रत्येक मुलखाची पायली वेगळी असे. धान्याची रास तीच, पण या गावच्या मापाने वेगळी भरायची, त्या गावच्या मापाने वेगळी. दोन देशांतल्या मुलांचे आकडे शेजारी मांडताना हाच घोटाळा होतो. ब्राझीलच्या मुलाचे १८ आणि वाईच्या मुलाचे २२, म्हणून वाईचा मुलगा जुन्या वळणाचा, असं म्हणण्याआधी पायली एकच होती का, हे पाहावं लागतं.

अमेरिकेतल्या आठ विधानांपैकी एक, बायकोमुलांनी पुरुषाचा मान ठेवावा, अशा अर्थाचं आहे. अमेरिकी मुलगा त्याला ‘सहमत’ म्हणाला, तर पुरुषाचा वरचष्मा त्याला मान्य आहे, असा अर्थ लावता येतो. आपल्याकडचा मुलगाही ‘सहमत’ म्हणेल, पण त्याच्या मनात असेल वडीलधाऱ्यांचा मान. आजीचाही मान ठेवायचा असतो, मावशीचाही. शब्द तेच राहिले, पण मोजली गेली दुसरीच गोष्ट.

रडण्याचं विधान घ्या. पंढरीच्या वाटेवर मिशांना पीळ दिलेले शेतकरी फुगडी घालतात, कीर्तनात डोळे पुसतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि परक्या पुरुषालाही ‘माउली’ म्हणून हाक मारतात. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्यातलाच एखादा आजोबा घरी नातवाला म्हणतो, “मुलीसारखा काय रडतोस?” मग ‘पुरुषाने रडू नये’ या विधानाला आपल्या मुलाने काय उत्तर द्यावं? कुठे, कशासाठी आणि कोणासमोर रडायचं, हे त्या विधानात नाहीच. दोन मित्र खांद्यावर हात टाकून किंवा बोटं गुंफून चालले, तर आपल्या गावात कोणी वळूनही पाहत नाही. अमेरिकेतल्या शाळेत त्याच चालण्याचा वेगळा अर्थ काढला जाण्याची भीती मुलांना असते.

शब्दांचीही अडचण आहे. ‘मर्द’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे चित्रपटातली हाणामारी येते. ‘चांगला पुरुष’ म्हटलं की शिक्षकांना आवडेल असं उत्तर येतं. ‘गडी माणूस’ म्हटलं की कष्ट आठवतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये अशा कामासाठी उलट भाषांतराची रीत सांगितली : एकाने इंग्रजीवरून मराठी करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायच्या. ती रीत आजही वापरतात, पण तेवढी पुरत नाही. काही मुलांना जवळ बसवून ‘या वाक्यातून तुला काय कळलं, ते तुझ्या शब्दांत सांग’ असं विचारावं लागतं. बऱ्याच चुका तिथेच उघड होतात.

उत्तर देण्याची ढबही देशागणिक बदलते. अकरावीच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जपान आणि तैवानमधली मुलं मधला आकडा अधिक निवडत होती, तर अमेरिकी मुलं टोकाचे आकडे अधिक निवडत होती. म्हणून नुसत्या सरासऱ्यांची तुलना करून चालत नाही. तेच मत असलेली दोन देशांतली मुलं प्रत्येक विधानाला सारखं उत्तर देतात का, हे आकडेशास्त्राने तपासतात आणि नापास झालेली विधानं तुलनेतून काढून टाकतात.

देशांच्या ‘पुरुषीपणा’चे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात, त्यांपासून मात्र सावध राहा. हॉफस्टेड या संशोधकांच्या प्रसिद्ध यादीत जपानला ९५, भारताला ५६ आणि स्वीडनला ५ गुण आहेत. ते आकडे मुळात आयबीएम कंपनीच्या नोकरदारांनी १९६७ ते १९७३ या काळात दिलेल्या उत्तरांवर उभे आहेत आणि कामातल्या चुरशीला व यशाला किती किंमत दिली जाते, याबद्दल आहेत. मुलांचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

सगळीकडे सारखं काहीच नाही का?

थोडंफार आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने १० ते १४ वयाच्या मुलामुलींचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात दिल्ली, शांघाय, किन्शासा, बाल्टिमोर, गेंट अशी एकमेकांपासून फार दूरची शहरं आहेत. संशोधकांनी मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी तपशीलवार बोलून २०१७ मध्ये जे मांडलं, त्याचा सारांश असा, की मुलगी नाजूक, तिला जपायचं आणि मुलगा दणकट, त्याला मोकळं सोडायचं, ही शिकवण इतक्या लहान वयातच जवळपास सगळीकडे पक्की होते. नियमांचा तपशील गावोगाव बदलतो, पण धडा लवकर सुरू होतो.

दुसरं साम्य भीतीचं. ‘बांगड्या भर’ या शिवीला उलट जोड नाही. बाईला ‘तू बाईच नाहीस’ म्हणून रोज डिवचत नाहीत. पुरुषाचं पुरुषपण मात्र कोणीही, कधीही काढून घेऊ शकतो, अशी समजूत असते. जोसेफ वँडेलो आणि जेनिफर बॉसन यांनी २००८ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे ६२ देशांतल्या ३३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्याबद्दल चारच विधानं विचारली गेली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ही समजूत कमीअधिक प्रमाणात सर्वत्र आढळते, पण जिथे स्त्री-पुरुष समता कमी, तिथे ती अधिक घट्ट असते. ही महाविद्यालयीन मुलं होती. तुमच्या मुलाच्या वयात ही भीती नुकती अंगात भिनत असते.

रिओहून मुंबईला

तुमच्या मुलाच्या हातातला कागद बहुधा ज्या कुळातला असेल, ते मूळचं ब्राझीलचं. रिओ दि जानेरोतली प्रोमुंडो ही संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी गरीब वस्त्यांतल्या तरुणांबरोबर काम करताना एक पट्टी तयार केली. ज्युली पुलर्विट्झ आणि गॅरी बार्कर यांनी २००८ मध्ये ती २४ विधानांच्या रूपात प्रसिद्ध केली. घरकाम, मूल सांभाळणं, हिंसा, लैंगिक संबंध, आजार टाळणं अशा रोजच्या गोष्टींवरची ही विधानं आहेत.

हीच कल्पना मुंबईत आली, पण भाषांतर करून थेट वाटली गेली नाही. ‘कोरो’ या मुंबईतल्या संस्थेचे कार्यकर्ते आणि संशोधक वस्त्यांमधल्या पोरांशी आधी बोलत राहिले. ‘असली मर्द’ हा शब्द पोरांच्याच तोंडून आला. त्यातून ‘यारी दोस्ती’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि मुंबईच्या वस्त्यांबरोबर तो उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरच्या खेड्यांतही नेला गेला. २००८ पासून मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी असाच कार्यक्रम झाला. त्यात कोरोबरोबर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि स्त्रियांवरील संशोधनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र होतं. काही शाळांत वर्गातली सत्रं आणि मोहीम दोन्ही घेतली, काहींत नुसती मोहीम, काहींत तुलनेसाठी काहीच नाही. सुरुवातीला आणि शेवटी पट्टी लावून पाहिल्यावर, जिथे काम झालं तिथल्या मुलांची मतं समतेकडे अधिक सरकलेली दिसली. मुंबईत क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाही असं प्रशिक्षण दिलं गेलं, कारण पोरं सरांचं ऐकतात आणि मैदानावरची शिवी तिथेच थांबवता येते.

मुलं खरं लिहितात का?

सगळी नाही, नेहमी नाही. शेजारच्या बाकावर मित्र असला की एक उत्तर, बाई समोर उभ्या असल्या की दुसरं. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये यासाठी ३३ विधानांची चाचणी केली. ‘मी कधीच कोणावर चिडत नाही’ अशा थाटाची, सहसा कोणालाच प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येणार नाहीत अशी विधानं तिच्यात असतात. त्यांना भराभर ‘हो’ म्हणणारा मुलगा बाकी कागदावरही शोभेल तेच लिहीत असण्याची शक्यता असते.

हरियाणात २०१४ पासून ३१४ सरकारी शाळांमध्ये सुमारे अडीच वर्षं झालेल्या प्रयोगात संशोधकांनी मुलांना अशी विधानं आधीच दिली होती. तिथे वर्गातल्या चर्चांमुळे जुन्या वळणाच्या मतांपैकी सुमारे १६ टक्के मतं समतेकडे वळली, मुलगे घरकामात अधिक हात लावतात असंही दिसलं आणि हा बदल केवळ खूश करणाऱ्या उत्तरांचा नव्हता. मत बदललं म्हणून वागणं लगेच बदलतंच असं नाही, पण ही सुरुवात नोंदवण्याजोगी आहे.

कागदावर न मावणारंही बरंच असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नीओबी वे यांनी किशोरांशी वर्षानुवर्षं बोलून २०११ मध्ये लिहिलं, की तेरा-चौदा वर्षांची मुलं जिवलग मित्राबद्दल भरभरून, प्रेमाने बोलतात, आणि मोठी होता होता त्यांतल्या अनेकांची ती मैत्री विरत जाते. हे त्यांना दरवर्षी त्याच मुलांजवळ बसून ऐकल्यामुळे समजलं.

आता तुम्ही काय करावं?

पुन्हा असा कागद शाळेत आला, तर शिक्षकांना चार गोष्टी विचारा. मुलांची नावं लिहून घेणार का? पालकांची आणि खुद्द मुलाची परवानगी आहे का, आणि नको वाटलं तर त्याला उठून जाता येईल का? विधानं इथल्या मुलांशी बोलून केली आहेत, की कुठून तरी उतरवली आहेत? निष्कर्ष शाळेला आणि पालकांना सांगणार का? यांची नीट उत्तरं मिळाली तर मुलाला खुशाल भरू द्या.

आणि एक काम घरी करा. तीच विधानं रात्री जेवताना काढा आणि मुलाच्या वडिलांनी, आजोबांनी, मामांनी, तुम्हीही त्यांवर आपलं मत सांगा. हे नियम मुलाने केलेले नाहीत. ते त्याने आपल्याकडून उचललेत, तेव्हा तो कागद आधी आपण भरायला हवा. त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही शेवटचं कधी रडलात?” तर कृपा करून खरं सांगा.